मुंबई नक्की कुठपर्यंत?

तुमच्या इन्स्टाच्या बायोत काय लिहिलंय? बहुतेक 'मुंबई'च. बदलापूरला राहणाऱ्याच्या बायोत मुंबई, विरारवालीच्या बायोत मुंबई, आणि खारघरवाल्यांनी 'नवी' गाळून टाकून मुंबई. बंगळूरला किंवा पुण्याला कोणी विचारलं की आपण पटकन तेच सांगून मोकळे होतो. 'कुळगाव-बदलापूर, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे' असं सगळं सांगत बसायला वेळ कुणाकडे असतो? दादरचा मित्र मात्र लगेच टोकतो, ''ए, बदलापूर म्हणजे काय मुंबई नाही हां!'' मग ग्रुपवर मीम्स सुरू होतात. विरार म्हणजे गुजरात, कर्जत म्हणजे पुणे, पनवेल म्हणजे गोवा वगैरे.

हे भांडण मजेशीर आहे, पण ते आपण चुकीच्या माणसाशी करतोय. तुम्ही मुंबईच्या आत की बाहेर, हे दादरचा मित्र ठरवत नाही. ते सरकारी कागदावर केव्हाच ठरलंय, नकाशासकट. त्या कागदावर तुमचं बदलापूर आहे, त्याचं दादर आहे, भिवंडीतली गोदामं आहेत, उरणचं बंदर आहे आणि अलिबागजवळच्या नारळ-सुपारीच्या वाड्याही आहेत. खासगी मोटारींना बंदी असलेलं माथेरान आणि काचेच्या इमारतींचं बीकेसी एकाच रेषेच्या आत आहे. या रेषेच्या आतल्या भागाला म्हणतात 'मुंबई महानगर प्रदेश'. इंग्रजी आद्याक्षरांनी एमएमआर. रिअल इस्टेटच्या जाहिरातीत तुम्ही हा शब्द शंभरदा वाचला असेल. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात तो किती वेळा भेटला, आठवून बघा.

आता थोडे आकडे. घाबरू नका, परीक्षा नाहीये. हा प्रदेश आधी ४,३५५ चौरस किलोमीटरचा होता. मग हद्द वाढवली. उत्तरेला पालघर तालुका आत आला, दक्षिणेला अलिबाग, पेणकडचा भाग आला आणि क्षेत्रफळ ६,३२८ चौरस किलोमीटर झालं. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे! या प्रदेशात नऊ महापालिका आहेत: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मिरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. शिवाय नऊ नगर परिषदा आणि हजाराहून जास्त गावं. हो, गावं! 'महानगर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टॉवर येतात, पण या महानगराच्या पोटात भातखाचरं, मिठागरं, वीटभट्ट्या, कोळीवाडे आणि आदिवासी पाडेही आहेत.

आणि माणसं किती? इथे खरी गंमत आहे. 'मुंबईची लोकसंख्या किती' या प्रश्नाची २०११ च्या जनगणनेत कमीत कमी चार उत्तरं सापडतात, आणि चारही बरोबर आहेत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा मुंबई शहर जिल्हा घेतला तर ३१ लाखांच्या आसपास. मुंबई महापालिका घेतली तर १ कोटी २४ लाख. जनगणना खातं ज्याला 'बृहन्मुंबई नागरी समूह' म्हणतं, तो घेतला तर १ कोटी ८४ लाख. त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण, बदलापूर आलं, पण वसई-विरार आणि भिवंडी मात्र वेगळे मोजले जाऊन बाहेर राहिले. आणि महानगर प्रदेश, तोही जुन्या, छोट्या हद्दीचा, घेतला तर २ कोटी २८ लाख. म्हणजे विरारची मुलगी एका सरकारी खात्याच्या हिशेबात मुंबईच्या पसाऱ्यात आहे आणि दुसऱ्याच्या हिशेबात नाही. दादरच्या मित्राला एकट्यालाच का बोल लावा?

या चार आकड्यांतला फरक नीट बघा. २ कोटी २८ लाखांतून मुंबई महापालिकेचे १ कोटी २४ लाख वजा केले की १ कोटी ४ लाख उरतात. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच या प्रदेशातली जवळजवळ निम्मी माणसं मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर राहत होती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबईची लोकसंख्या जेमतेम चार टक्के वाढली. मुंबई शहर जिल्ह्याची तर घटली, ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर. त्याच दहा वर्षांत ठाणे शहर साडेबारा लाखांवरून अठरा लाखांच्या पुढे गेलं, नवी मुंबई सात लाखांवरून अकरा लाखांवर गेली आणि बदलापूर ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांवर पोहोचलं.

हे आकडे म्हणजे आपल्याच घरातली गोष्ट आहे. आजोबा लालबाग-परळच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. १९८२ चा संप, गिरण्यांची धूळधाण. मग वडिलांनी डोंबिवलीला वन रूम किचन घेतलं. आता दादा-वहिनी बदलापूरला किंवा नालासोपाऱ्याला, कारण डोंबिवलीही परवडत नाही. तीन पिढ्या, तीन स्टेशनं, आणि प्रत्येक पिढी व्हीटीपासून थोडी आणखी लांब. नोकरी मात्र तेवढ्याच वेगाने लांब सरकली नाही. बीकेसी, अंधेरी, लोअर परळ, फार तर ऐरोली. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. विरार ते चर्चगेट ६०. हे अंतर तुमच्यापैकी कितीतरी जण रोज दोनदा कापतात आणि मग रील बनवतात, 'मुंबई लोकल इज अ फीलिंग'. असेल बाबा. पण सकाळी सातच्या बदलापूर लोकलमध्ये एका पायावर उभं राहून तासभर जे होतं, त्याला नकाशाही जबाबदार आहे.

कारण जमीनच तशी आहे. मुंबई म्हणजे समुद्रात घुसलेली एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी. मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पलीकडे उल्हास नदीचं खोरं, त्याच्या पाठीमागे सह्याद्री. शहराला वाढायला जागा होती ती फक्त वर आणि खाडी ओलांडून पूर्वेला. रेल्वे ब्रिटिशांच्या काळात ज्या रेषांवर टाकली, त्याच रेषांवर माणसं माळेतल्या मण्यांसारखी वसत गेली. एक रेषा विरारकडे, एक कल्याणहून फुटून कर्जत आणि कसाऱ्याकडे; पुढे स्वातंत्र्यानंतर एक पनवेलकडेही गेली. या सगळ्या रेषा मुंबईच्या टोकाकडे जातात, एकमेकींकडे फारशा जात नाहीत. विरारहून कल्याणला जाऊन बघा एकदा. नकाशावर अंतर फार नाही, पण त्या दिवा-वसई मार्गावर गाड्या इतक्या मोजक्या की बरेच जण दादरला वळसा घालून जाणं पसंत करतात. अटल सेतू झाला, २१.८ किलोमीटरचा, जानेवारी २०२४ मध्ये. छानच आहे. पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही आणि लोकल तर त्यावरून जातच नाही. तुमच्यापैकी किती जणांचा रोजचा रस्ता त्याने बदलला?

आता नकाशावरची रेषा जिथे संपते तिथे जाऊ. कारण हा प्रकार मला सगळ्यात विचित्र वाटतो. कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसलात तर टिटवाळ्यापर्यंत तुम्ही महानगर प्रदेशात असता. पुढे वासिंद, आसनगाव, कसारा. ही स्टेशनं शहापूर तालुक्यात येतात, आणि शहापूर तालुका वाढवलेल्या हद्दीतही नाही. लोकल आहे, पास आहे, रोज मुंबईला जाणारी पोरं-पोरी आहेत, पण प्रदेश नाही. पश्चिमेला तसंच डहाणूचं. २०१३ पासून तिथे लोकल जाते, पण प्रदेशाची हद्द पालघर तालुक्यापाशी थांबते.

शहापूरची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. भातसा आणि तानसा ही धरणं त्याच तालुक्यात आहेत. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं. म्हणजे अंधेरीत तुम्ही शॉवर घेता ते पाणी शहापूरचं. तुमच्या ऑफिसातला वासिंदचा मुलगाही शहापूरचाच. आणि एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघत बसणारे पाडेही त्याच शहापूर तालुक्यातले. प्रदेशाची रेषा आखताना पाणी आणि माणसं कुठून येतात हे पाहिलं असतं, तर शहापूर बाहेर राहिलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

९ जून २०२५ ची सकाळ आठवा. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. काहींचा जीव गेला. त्यातली एक गाडी कर्जतची होती, दुसरी कसाऱ्याची. कर्जत प्रदेशाच्या आत, कसारा बाहेर. पुढचे काही दिवस टीव्हीवर सगळी चर्चा दारांवर झाली. आपोआप बंद होणारी दारं, हवा खेळती ठेवणारी दारं, नवे डबे. दारं हवीतच. पण एवढी माणसं त्या दारात का लटकली होती, या प्रश्नाचं उत्तर डब्यात नाही. घरं एका टोकाला आणि कामं दुसऱ्या टोकाला ठेवली की माणसं दारातच लटकणार.

मग घरं कुठे, कामं कुठे, रस्ता कुठे हे ठरवतं कोण? नाव तुम्हाला माहीत आहे, मेट्रोच्या प्रत्येक खांबावर लिहिलेलं असतं. एमएमआरडीए, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. १९७४ चा कायदा, २६ जानेवारी १९७५ ला स्थापना. आता पन्नाशी ओलांडली. या प्रदेशाचा पहिला प्रादेशिक आराखडा १९७३ ला मंजूर झाला होता. खाडीपलीकडे जुळं शहर उभारायचं, ही कल्पना त्यातलीच. आजची नवी मुंबई तिच्यातून उभी राहिली. म्हणजे कागदावरचा आराखडा ही काही पोकळ गोष्ट नसते. वाशी, नेरुळ, बेलापूरमध्ये वाढलेला प्रत्येक जण त्या आराखड्याचं अपत्य आहे. दुसरा आराखडा १९९९ चा. तिसरा २०१६ ते २०३६ या वीस वर्षांसाठी, आणि तो मंजूर झाला २०२१ मध्ये. वीसपैकी पाच वर्षं मंजुरीतच गेली.

आता एक साधा प्रश्न. या प्रदेशासाठी तुम्ही मत कधी दिलंत? नगरसेवकाला दिलं, आमदाराला दिलं, खासदाराला दिलं. पण नगरसेवकाचं लक्ष त्याच्या प्रभागाच्या गटारावर आणि खासदाराचं दिल्लीकडे. बदलापूर ते बीकेसी हा तुमचा रोजचा रस्ता ज्या तीन-चार महापालिकांतून जातो, त्या सगळ्यांचा मिळून विचार करणारा माणूस तुम्ही निवडलेला नाही. प्राधिकरण राज्य सरकारचं आहे. त्याच्या अध्यक्षपदी मुख्यमंत्री किंवा नगरविकासमंत्री असतात. त्यांना निवडून देणाऱ्यांत चंद्रपूरचे आणि सांगलीचेही मतदार आहेत.

आपल्या संविधानाने यावर उपाय सांगून ठेवलाय, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समितीची तरतूद आहे. दहा लाखांहून मोठ्या महानगरासाठी ही समिती हवी, आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य त्या भागातल्या नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनो, तुम्ही हे कलम पाठ केलेलं असणार. आता सांगा, या समितीच्या बैठकीची बातमी शेवटची कधी वाचलीत? मेट्रोच्या कारशेडवर आपण सगळे बोललो, बोललंच पाहिजे होतं. या समितीसाठी कोणी एक हॅशटॅगही चालवला नाही.

इथे कोणी म्हणेल, मग सरळ एकच मोठी महापालिका करा ना, एकच महापौर. मला ते पटत नाही. वसईतली गावं महापालिकेत जायला तयार नव्हती, त्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते. कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांचं आत-बाहेर अजून लोकांच्या तोंडी आहे. अलिबाग-पेणच्या एखाद्या मुलाला विचारा, तुझं गाव 'मुंबई'त आलं, आनंद झाला का? तो आधी विचारेल, शेताचं काय होणार? महानगर प्रदेशात येणं म्हणजे लोकल येणं असं बदलापूरच्या माणसाला वाटतं. शेतकऱ्याच्या घरी मात्र त्याचा अर्थ दलाल दारात येणं असा होतो. म्हणून एक अजस्त्र महापालिका नको. पण या गावांनाही बोलायला हक्काची जागा हवी आणि ती या समितीत मिळू शकते.

आता आकड्यांकडे परत येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे. वर मी तुम्हाला जे जे आकडे दिले ते सगळे २०११ चे. २०२१ ची जनगणना करोनामुळे पुढे गेली आणि पुढेच जात राहिली. तुमच्यातले जे आज अठरा वर्षांचे आहेत, ते त्या जनगणनेत अगदी लहान होते. तेव्हा पनवेल महापालिका नव्हती, पालघर जिल्हा नव्हता; एक कोटी दहा लाखांचा ठाणे जिल्हा देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता, तो पुढे १ ऑगस्ट २०१४ ला विभागला. नीती आयोगाने २०२४ मध्ये अहवाल दिला, या प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायची. डॉलर आपण २०३० चे मोजतोय आणि माणसं २०११ ची.

सरकारने आता जनगणना जाहीर केलीय. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार आपल्या भागासाठी संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. माहिती डिजिटल पद्धतीने घेतली जाणार आणि आपली नोंद आपणच करण्याची सोयही असणार. मोबाईल हातात धरून वाढलेल्या पिढीसाठी याहून सोपं काय?

तरी यात अडचणी आहेत, आणि त्या आपल्याच वयाच्या लोकांच्या आहेत. तीन बीएचकेमध्ये आठ मुली पेइंग गेस्ट म्हणून राहतात. घरमालक सांगतो, कोणी विचारलं तर 'पाहुण्या आलोय' म्हणा. तिकडे लातूरला आई तुमचं नाव घरच्या यादीत घालते, कारण पोरगी आपलीच आहे. मग तुम्ही मुंबईत पाणी वापरता, लोकलमध्ये उभं राहता, आणि मोजल्या जाता लातूरला. नियम साधा आहे: मोजणीच्या काळात तुम्ही जिथे राहता, तिथे मोजलं गेलं पाहिजे. आईला एक फोन करून हे समजावा. घरमालकाला समजावणं जरा कठीण जाईल, पण मुंबईत नोंद झाली म्हणजे गावचा जातीचा दाखला किंवा सातबारा जात नाही, एवढं तुम्ही स्वतः तरी लक्षात ठेवा.

याहून मोठी अडचण कातकरी कुटुंबांची. दिवाळीनंतर ही कुटुंबं पाड्यावरून निघतात आणि पावसाळ्यापर्यंत वीटभट्ट्यांवर राहतात. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली होती. भट्ट्यांचा हंगाम नेमका तेव्हाच जोरात असतो. पाड्यावर प्रगणक गेला तर झोपडीला कुलूप, आणि भट्टीवर पोहोचायला रस्ता नाही. तुमच्या कॉलेजात एनएसएस असेल आणि फेब्रुवारीत कुठलं शिबिर घ्यायचं हा प्रश्न असेल, तर माझी एक सूचना आहे. झाडं नंतर लावा, ती पावसाळ्यात जास्त जगतात. त्या महिन्यात तालुक्यातल्या भट्ट्यांची यादी करून तहसील कार्यालयात नेऊन द्या.

आणि एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. २०११ च्या अर्जात शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांना विचारलं होतं: कामाचं ठिकाण घरापासून किती किलोमीटर, आणि तिथे कशाने जाता? पायी, सायकल, बस, ट्रेन. दोनच रकाने. बाकी सगळी जनगणना आपल्याला रात्री जिथे झोपतो तिथे गाठते. दिवसा आपण कुठे असतो हे विचारणारे तेवढे दोनच रकाने. सत्तर लाखांहून जास्त फेऱ्या रोज ज्या लोकलमधून होतात, त्या प्रदेशाचा खरा नकाशा या दोन रकान्यांतून निघू शकतो. पण घरात प्रगणक येतो तेव्हा दिवसाढवळ्या घरी असतात आजी. आजी सांगतात, ''मुलगा ना? इथेच जातो, मुंबईला.'' रकान्यात अंदाजे काहीतरी पडतं. यंदाच्या अर्जात हे दोन प्रश्न आले, तर त्यांची उत्तरं आजींवर सोडू नका. बदलापूर ते वांद्रे किती किलोमीटर ते मोजून ठेवा. शेअर रिक्षा, लोकल, मग बस, असं सगळं असेल तर त्यातलं मुख्य वाहन कोणतं ते आधीच ठरवा. कसाऱ्याच्या, वासिंदच्या आणि डहाणूच्या वाचकांनो, तुम्ही तर नक्कीच.